मास्कवरचं कुंकू

मंगळवार, पिंपळवंडी, सुरक्षा तपासणी

१. जलशुद्धीकरणाच्या खोलीत क्लोरीनचा वास होता.
२. ऑपरेटर दत्तूभाऊ तोंडाला उपरणं बांधून सिलिंडर बदलत होते.
३. गॅसचा मास्क भिंतीवरच. त्याच्या काचेवर खंडेनवमीचं कुंकू.

मास्क का नाही, विचारलं. खोकत म्हणाले, "मॅडम, पूजलेला हाय. त्याला उष्टं तोंड लावू व्हय? आन् घालायचा कसा, कुनी दावलंय?"

केंद्र चालवणारा ठेकेदार म्हणतो, दिवाळीनंतर हाच मास्क प्रत्येकाला घालायला लावून प्रशिक्षण दिलं. मग कुंकू जराही पुसलं नाही? आणि प्रशिक्षणाच्या बिलावर माझ्या सहीची त्याला एवढी घाई का? पुढचा सिलिंडर शनिवारी. बदलणार दत्तूभाऊच.

कुंकवाचा फोटो काढून ठेकेदाराला पाठवला. खाली लिहिलं: सही करणार नाही. प्रशिक्षण कोणी दिलं, शुक्रवारपर्यंत लेखी कळवा.