शांताचा फोटो

गुरुवार, संध्याकाळ

आज संस्थेची मीना आली होती. सरकारी अनुदान थांबलं, तशी त्यांची औषधांची गाडी गावात यायची बंद झाली. शांताच्या शुगरच्या गोळ्या तालुक्याला कधी मिळायच्या, कधी नाही. शेवटी शांता गेली. आता त्यांना अनुदान पुन्हा मागायचंय.

"काका, अर्जाला काकूंचा फोटो जोडू द्या. हसरा नको. आजारपणातला असंल तर बघा," मीना खाली बघत म्हणाली. मागणं तिलाही जड जात होतं.

मी फोटोंचा अल्बम काढला. हिचं मरण कागदाला जोडायचं? लेकीच्या लग्नातला फोटो हसरा, नातवाच्या बारशातलाही हसरा. आजारपणात फोटो कोण काढतं?

शेजारच्या रुक्मिणीवहिनींनी ओट्यावरूनच ऐकलं. त्यांनाही शुगर. "द्या ना भाऊजी. माह्या गोळ्या संपल्यात. का आता माह्या फोटोची वाट पाहून राह्यले?" म्हणाल्या आणि हसल्या. मला हसता आलं नाही.

बारशातलाच दिला. मीनानं तो बराच वेळ पाहिला. "काका, ह्यात तर काकू बिलकुल ठणठणीत दिसतात."

होतीच तशी. तेव्हा गाडी येत होती.