बहाव्याचे सहा वाफे

आबा, बहाव्याच्या त्या बिया मी मारल्या. एवढं एक वाक्य लिहायला मला पन्नास वर्षं लागली.

बहात्तरचा पावसाळा कोरडा गेला होता. तुम्ही चोपड्याबाहेरच्या रोपवाटिकेत माळी होतात आणि मी धुळ्याच्या सासरहून परत येऊन तुमच्याकडे राहत होते. रस्त्याकडेला लावायला बहावा हवा, कमी पाण्यावर तगतो, उन्हाळ्यात पानं झडून पिवळ्या घोसांनी भरतो, असं तिथल्या साहेबांनी ठरवलं आणि रोपं तुमच्यावर सोपवली. रोपं झाली नाहीत तर माळी कशाला ठेवायचा, हेही ते बोलून गेले होते. तुम्ही काळ्या शेंगा फोडून चिकट गरातून बिया काढल्यात, धुतल्यात आणि पातेलं माझ्याकडे दिलंत. "पानी उकयनं का खाले उतार, मंगच बिया टाक. रातभर राहू दे."

मी बिया टाकल्या, पण पातेलं चुलीवरच राहिलं. कारण पोस्टमन आला होता. सासऱ्यांचं पत्र होतं, पोरीला परत पाठवू नका म्हणून. मी ते पुन्हा पुन्हा वाचत उंबऱ्यावर बसले. भानावर आले तेव्हा अर्धा तास उलटून गेला होता आणि बिया शिजून, फुगून मऊ पडल्या होत्या. तुम्ही आलात, पत्र वाचलंत, माझ्याजवळ खाली बसलात. "राहू दे व माय. तुनं घर आठेच शे." माझं घर इथेच, असं तुम्ही म्हटल्यावर बियांचं सांगायला माझं तोंडच उघडेना. पातेलं मी झाकून ठेवलं. पहाटे दिवा न लावता, अंधारातच तुम्ही त्या बिया सहा वाफ्यांत पेरल्यात.

विहिरीचा तळ दिसत होता. तरी रोज पहाटे आपण दोघं पाणी आणत होतो, आणि त्यात काही उगवणार नाही हे फक्त मला माहीत होतं. तुम्ही बोटाने माती उकरून बघत होतात, पुन्हा झाकत होतात. तिसऱ्या आठवड्यात मला ते बघवेना. नाल्याकाठच्या एकुलत्या बहाव्याखाली गुरांनी तुडवलेली एक शेंग सापडली. नऊ बिया निघाल्या. दगडावर घासून त्यांची साल पातळ केली आणि पहिल्या वाफ्यात खोचल्या.

पाच उगवल्या. आबा, ते मी करायला नको होतं. तुम्ही वाफ्याशी गुडघे टेकून बसलात. "आते बठ्ठंच उगी येई, देख." आणि तुम्ही स्वतः जाऊन साहेबांना बोलावलंत, पंधरा दिवसांत सगळे वाफे भरतील असा शब्द दिलात. पंधरा दिवसांनी साहेब आले, वाफ्यांच्या कडेने एकदा चालत गेले. "पाच रोपांनी रस्ता होत नाही, आबा. उद्यापासून येऊ नका." घरी येऊन एवढंच म्हणालात की म्हातारपणी हाताचा गुण गेला.

मग पारोळ्याच्या रस्त्यावर दुष्काळी कामाची खडी. साठीच्या माणसाने भर उन्हात दगड फोडायचे. मीही शेजारीच फोडत होते, आणि रोज ठरवत होते की आज सांगेन. वैशाखात तुम्ही दगडांच्या ढिगावरच आडवे झालात. मी डोकं मांडीवर घेतलं, पदराने वारा घातला, लोक पाणी आणायला धावले, ते येईपर्यंतच तुमचा श्वास होता. सांगायला तेवढा वेळ होता. मी फक्त "आबा, आबा" म्हणत राहिले.

आता जळगावला माझ्या दारात तीन बहावे आहेत, तिन्ही बियांपासून केलेले. फुलले की बायका थांबतात, बियाणं मागतात, कसं करायचं ते विचारतात. मी सगळं नीट सांगते. कुणाकडून शिकलात, असंही विचारतात. तुमचं नाव घेतलं तर पुढचंही सांगावं लागेल. म्हणून मी म्हणते, एका पुस्तकात वाचलं होतं.