नातवाच्या छातीतली कळ आणि माझी वाटणी

आधी धाकट्या जाऊबाई आल्या, त्यांच्यामागून गुडघा धरत भावोजी. खुर्चीत टेकायच्या आत जाऊबाई म्हणाल्या, "काय हो ताई, नातवाला पित्त झालं म्हणे? पित्ताला एवढे दिवस दवाखाना?" माझा मुलगा माझ्याकडं बघत होता. मी म्हटलं, "हो, पित्तच." ते दोघं गेले आणि मी लिहायला बसले.

मी, या घरातली आजी, शाळा चौथीपर्यंत, धंदा शिवणकाम, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कोणाच्या दबावाशिवाय ही वाटणी लिहून ठेवते. दबाव आहे तो लिहू नये म्हणून.

घर मुलाला आणि सुनेला. शिवणयंत्र एकट्या सुनेला. तिला सरळ टीप येत नाही, पण यंत्र समजूतदार आहे. मोठी कात्री जाऊबाईंना. एकदा मागून नेली आणि पुठ्ठे कापून बोथट केली, आता निस्तरा म्हणावं.

माझी खोली नातवाला, पण एका अटीवर. अट का, तेही सांगते.

नातू कमावता, शिकलेला. त्याच्या कोटाचं अस्तर उसवलं तेव्हा आत पांढऱ्या भुकटीची पुडी सापडली होती. कोकेन. "सोडतोय गं आजी," म्हणाला, मी ऐकून घेतलं. मग एका दुपारी जेवता जेवता छाती धरून बसला. घामानं नुसता निथळत होता. दवाखान्यात नेताना गाडीत मुलगा मला बजावत होता, "आई, तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. आज भिजव."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काही नशा केली होती? कोणाला पकडून द्यायचं नाही, औषध ठरवायचंय."

मुलगा म्हणाला, "आमच्या घरात चहासुद्धा बेताचा असतो."

आणि दूधवाल्यालासुद्धा घरातली भांडणं सांगणारी मी भिंतीकडं बघत राहिले. नर्सनं इंजेक्शन भरलं. तेव्हा नातवानं माझं बोट धरलं. "आजी, सांग ना. बाबांसमोर मला नाही होत."

मग सांगितलं. डॉक्टरीणबाई झटकन वळल्या, "ते इंजेक्शन थांबवा." कोकेननं हृदयाच्या रक्तवाहिन्या आवळतात, त्यात धडधड कमी करायचं ते औषध गेलं तर आणखी आवळू शकतात, असं त्यांनी मला नंतर समजावलं. त्यांनी आधी जीव शांत करायचं औषध दिलं, जिभेखाली फवारा मारला. हळूहळू त्याच्या ओठांवर रंग आला.

पोर जगलं. लिहितानाही हसू फुटतं, आणि लगेच मान खाली जाते. जन्मभर नको तिथं बोलले. हवं होतं तिथं मात्र छातीत कळ असताना पोरानं मला बोलतं केलं. आणि घरी येऊन पुन्हा पित्त म्हणाले.

तर अट अशी. या घरात कोणाच्या छातीत दुखलं तर डॉक्टरांनी विचारायच्या आत खरं सांगायचं. नातवानं व्यसन सोडायचे उपचार चालू ठेवायचे. पुन्हा घसरला तरी खोली त्याचीच. लपवलं तर मात्र नाही. पुडी सापडूनही गप्प राहिल्याची लाज माझ्या नावावर ठेवते, तिची वाटणी नाही.

साक्षीदार जाऊबाई आणि भावोजी. मुलगा म्हणतो, साक्षीदारांनी नुसती सही पाहायची असते, मजकूर कशाला दाखवायचा. नातू आतून म्हणाला, "मी त्यांना वाचून दाखवतो, आजी. पित्तापासून."

स्थळ: नातवाची होणारी खोली.

माझी सही: त्यांच्यासमोर करायची, जागा सोडली आहे.

साक्षीदारांच्या सह्या: याच्या खाली, दोन.

दिनांक: गुरुवारचा घालायचा. परत येतो म्हणालेत दोघं.