झाकण न उघडता

प्रिय ठमे,

अक्षर ओळखलंस ना? हात तुझ्या बापाचा आहे, तोंड माझं. तुझी आई माहेरी गेलीय, म्हणून घड्याळांची दुरुस्ती बाजूला ठेवून त्यालाच लिहायला बसवलाय. तीन वर्षं तुझ्याशी बोलत नाही तो, पण स्वतःच्या आईला नाही कसं म्हणेल?

परवा फोनवर तू तुझं काम नीट समजावलंस, तेव्हा कळलं की इतके दिवस मी गल्लीभर भलतंच सांगत फिरत होते. तू ‘सेल मोजते’ म्हणायचीस, मी आपली विजेरीतले सेल धरून चालले होते. शेजारची शिंपीण तर म्हणायची, एवढे मोजते तर चार इकडे पाठव म्हणावं. आता तिला जिवंत पेशींचं सांगितलंय, पण तिचा विश्वास नाही. सेलवर तरी होता.

मला मात्र पटलं. पूर्वी म्हणे बाटली उघडून थोड्या पेशी बाहेर काढायच्या, निळा रंग घालून मोजायच्या आणि फेकून द्यायच्या. मागे राहिलेल्यांना बाहेरचं काही बाधलं, तर आख्खी बाटली वाया. आता उबेच्या कपाटातच बाटलीखाली कॅमेरा असतो, तासातासाला फोटो काढून किती वाढल्या ते सांगतो. त्यांना पत्ताही लागत नाही. तुझ्या बापाला हे सांगितलं, तर म्हणाला, उघडल्याशिवाय आतलं कसं कळणार? घड्याळजीच तो.

मला कळतं. रविवारी तुझा फोन आला की हा रेडिओ बंद करतो. विचारलं तर म्हणतो, सेल उतरलेत. मग एकच काटा पाऊण तास पुसत बसतो. स्पीकरवर तू खोकलीस की हात थांबतो. मध्ये एका रविवारी तुझा फोन आला नाही, तर गिऱ्हाइकाचं घड्याळ तासभर मागे लावून दिलं. यातलं आजवर मी त्याला काही बोलले नाही. बोलले असते तर त्यानं रेडिओ मोठा केला असता. लिही रे, थांबलास का? हेही लिही.

माझं विचारशील, तर तुझ्या पलंगावरची चादर रोज झटकते. झोपत कुणी नाही, तरी.

फोन असताना पत्र कशाला, असं वाटेल तुला. तू निघालीस तेव्हा तो म्हणाला होता, गेलीस तर परत येऊ नकोस. शब्द त्याचा होता, म्हणून मी कितीदा बोलावलं तरी तू येत नाहीस, आणि तुझं चुकत नाही. तोंडानं त्याला ते मागे घेता येत नाही, हे मी जाणते. मीच वाढवलाय त्याला. म्हणून आता मी सांगतेय आणि तो लिहितोय: घरी ये. त्यानं तसंच लिहिलंय की गाळलंय, हे मला कधी कळायचं नाही. तुला दिसलं, तर ते माझं समजू नकोस.

तुझीच,
अंगठाबहाद्दर आजी