तळ्याचं दुसरं लग्न

बूढापारा, रायपूर

प्रिय यज्ञेश्वर,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहिते आहे. तळ्याच्या विक्रीवर माझी सही हवी, ती मिळणार नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील. उरला औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखानदाराला तळं बुजवून गोदाम बांधायचंय ना? खुशाल बांधू दे, दुसरीकडे कुठेतरी.

तू म्हणतोस, खापरपणजोबांनी गाव वसवलं, म्हणून तळं आपलं. अरे, हे खापरपणजोबा, शामराव, नागपूरहून आले ते भोसल्यांच्या चाकरीत. पुढे इंग्रजांनी जंगलाचा तुकडा त्यांच्या नावे लिहिला आणि बजावलं, माणसं आणून वसव, तरच मालगुजार, म्हणजे गावचा जमीनदार, म्हणवशील. माणसं काय हवेवर राहतात? पाणी लागतं. तळं खणलं ते गावातल्या आपल्या हिरालालच्या वाडवडिलांनी, भर उन्हात. शामरावांनी फावड्याला हात लावला असेल तर मी नाव बदलीन.

एक काम मात्र त्यांनी चोख केलं. तिकडची रीत अशी, की लग्न लागल्याशिवाय तळ्याचं पाणी कुणी पीत नाही. मधोमध सरईचा, म्हणजे सालाच्या लाकडाचा, खांब रोवतात, तो नवरदेव; तळं नवरी. शामराव आणि त्यांची बायको वधूचे आईबाप म्हणून बसले आणि कन्यादान करून तळं गावाला देऊन मोकळे झाले. लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये म्हणून बाबा आपल्याला काठावर ओंजळसुद्धा भरू देत नसत. तू तहानेने रडायचास आणि मी घरून नेलेलं पाणी तुला पाजायची. मालगुजारी गेली, तळं तेवढं नावावर राहिलं. कुणी गिऱ्हाईक आणलं की, लेक एकदा दिली ती दिली, म्हणत बाबा उखडायचे, "देल्ली पोट्टी कोणी इकते का बे?"

यंदा तो खांब कुजून पडला. गावाला नवा रोवायचाय, म्हणजे लग्न पुन्हा लावायचंय. तू बसायला नकार दिलास. वर हसून सांगितलंस, ताई विधवा, तिला कोण बसू देणार? लग्न लागणार नाही, लोक आपोआप थंड होतील. हे मला फार लागलं. तुझे भाऊजी गेल्यावर शाळेत नोकरी करून मी श्रावणीला वाढवलं, आणि तिच्या कन्यादानाला तुला आणि वहिनीला बसवून स्वतः मागे उभी राहिले. तेव्हा चार लोकांचं ऐकलं. आता नाही ऐकणार.

परवा हिरालाल घरी आला होता. विषय काढायला चाचरत होता. शेवटी मीच विचारलं, मी बसले तर चालेल का गावाला? म्हणाला, "हव दीदी, बेटी तो तुँहरे घर के हे. तुमन नइ बइठहू त कोन बइठही?" मला रडूच आलं, आणि मग आम्ही दोघांनी चहा घेतला.

तर अक्तीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी बसते आहे. जोडीदाराच्या जागी सुपारीसुद्धा मांडणार नाही. हे पत्र त्याचंच आमंत्रण. आई मी झाले की मामा तू होतोस, आणि नवरीला मांडवात मामाच आणतो. तेव्हा ये. नाही आलास तर मामाच्या जागी हिरालाल उभा राहील, आणि यंदाच्या भाऊबिजेला मी त्यालाच ओवाळीन.

तुझीच, अजून तरी,
विजयाताई