बिनविजेचं पॅनेल

१ जून, सकाळ
निवृत्तीचा दुसरा महिना. आजपासून रोजनिशी. आणि आजपासून घरातलं इंटरनेट माझ्या ताब्यात.

राउटर आहे स्वयंपाकघराशेजारच्या सामानाच्या खोलीत. लाइन टाकणाऱ्याला तिथली भिंत सोपी वाटली म्हणून. तिथून मागच्या खोलीत, म्हणजे लेकीच्या खोलीत पोचेपर्यंत वायफायला धाप लागते. लेकीची वीस तारखेला मुलाखत आहे, ऑनलाइन. नकाशे बनवणारी कुठलीशी मोठी कंपनी. ती म्हणाली, बाबा, तेवढा एक तास नेट टिकलं पाहिजे. मी म्हटलं, एक तास कसला, जन्मभर टिकेल.

आतली गोष्ट अशी, की नेट पक्कं झालं की ही नोकरी ती घरूनच करेल. हल्ली सगळे घरूनच करतात. तिला अजून विचारलेलं नाही. विचारण्यासारखं काय आहे त्यात?

मेहुणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, कॉम्प्युटरमधला. त्याचा फोन आला. भाऊजी, रविवारी येतो, तासाभरात लावून देतो म्हणाला. मी नको म्हटलं. मागे त्याने एकदा आमचा टीव्ही लावून दिला. तेव्हापासून टीव्ही बिघडला की घरातली माणसं मला ओलांडून त्याला फोन करतात.

२ जून
अभ्यास. तीन व्हिडिओ. पहिला पूर्ण पाहिला, दुसरा अर्धा. तिसऱ्यातला माणूस फार बोलतो.

एकूण चित्र स्पष्ट आहे. प्रत्येक खोलीतून एक केबल निघते. सगळ्या केबली एका जागी येतात. तिथे एक डबा असतो. त्या डब्यात त्या घुसल्या की झालं.

३ जून
खरेदी. दुकानदाराने दोन वस्तू पुढे ठेवल्या. एक लहानशी काळी डबी, नाव स्विच. पोर्ट, म्हणजे वायर खुपसायच्या जागा, आठ, आणि तिला वीज लागते. दुसरं पॅच पॅनेल. पत्र्याचं, रुंद, हातात घेतलं की वजन जाणवतं. पोर्ट चोवीस! आणि वीज अजिबात लागत नाही.

मी कारखान्याच्या खरेदी खात्यात उभं आयुष्य काढलंय. पोर्ट तिप्पट आणि वीज शून्य. एका मिनिटात निर्णय.

दुकानदाराने विचारलं, घरी स्विच आहे ना तुमच्या? मी म्हटलं, एकेका खोलीत चार-चार आहेत. त्याने तोंड उघडलं, पण मी त्याला बोलू दिलं नाही. दुकानदाराला एकदा बोलू दिलं की तो आणखी काहीतरी गळ्यात मारतो.

घरी आल्यावर हिने विचारलं, खोल्या चार, मग चोवीस कशाला? मी म्हटलं, दूरदृष्टी. ती म्हणाली, अहो, पण वरचे मजले कधी बांधायला घेताय?

दुर्लक्ष केलं.

६ जून
भिंती फोडणे सुरू. हॉल ठीक. आईच्या खोलीतही ठीक, फक्त ती पूर्ण वेळ खुर्ची टाकून समोर बसली होती आणि दर दोन मिनिटांनी म्हणत होती, अरे, जपून.

हिच्या खोलीतलं भोक पलीकडे निघालंच नाही. ड्रिल सगळं आत गेलं तरी नाही. मग लक्षात आलं की ते तिच्या कपाटात निघालंय. तिचे कपडे आता एकाच रंगाचे दिसतायत. धुऊन निघेल.

तिने कपाटाचं दार हळूच लावलं. ती बोलते तेव्हा बरं असतं.

९ जून
आजचा दिवस सोन्याचा. पॅनेलच्या मागच्या बाजूला वायरी बसवल्या. एकेका केबलीच्या पोटात आठ बारीक वायरी असतात: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी आणि प्रत्येकीची एक पांढुरकी जोडीदारीण. रंग पाहून प्रत्येकीला आपापल्या खाचेत ठेवायचं आणि हत्याराने दाबायचं. खट्ट! इतका समाधान देणारा आवाज मी नोकरीत कधी ऐकला नाही. एक वायर तर बसलेली असताना पुन्हा काढून बसवली, केवळ आवाजासाठी.

पुढे नंबर चिकटवले. एक, हिची खोली. दोन, आई. तीन, हॉल. चार, लेक. उरलेले वीस पोर्ट रिकामे. पण रिकामे दिसत नाहीत, सज्ज दिसतात.

लेक बघायला आली. छान दिसतंय म्हणाली. मग म्हणाली, बाबा, याचा प्लग कुठेय? मी म्हटलं, हीच तर मजा आहे.

११ जून
उद्घाटन. राउटरला वायर लावायला एकच जागा आहे. तिथून निघालेली वायर पॅनेलच्या एक नंबरमध्ये खुपसली. हिच्या खोलीत नेट सुसाट! ही घरून परदेशी मंडळींना भाषा शिकवते. तिने वर्ग संपवून येऊन स्वतः सांगितलं, छान चाललं हो. हे वाक्य इथे नोंदवून ठेवतो, कारण पुरावा लागू शकतो.

बाकी तीन खोल्यांत अजून आलेलं नाही. पॅनेल नवीन आहे. हळूहळू पसरेल. मी जुनं वायफाय बंदच करून टाकलंय, म्हणजे पॅनेलवर जबाबदारी येईल.

त्याच्यावर एकही दिवा लागत नाही. भारी वस्तूंना दिखावा लागत नाही.

१२ जून
पसरलं नाही.

दुपारी शोध लागला. राउटरची वायर एकमधून काढून चारमध्ये घातली, आणि लेकीच्या खोलीत वाऱ्यासारखं नेट! फक्त त्याच क्षणी हिचं बंद पडलं. दोनमध्ये घातली तर आईचं सुरू. म्हणजे यंत्रणा निर्दोष आहे. प्रत्येक खोलीत नेट येतं. सगळ्यांना एकदम येत नाही, एवढंच. घराला थोडी शिस्त लागेल. ती तशीही लागायलाच हवी होती.

१४ जून
वेळापत्रक केलं. सकाळी ही, दुपारी लेक, संध्याकाळी आईच्या मालिका. मी सामानाच्या खोलीत स्टूल टाकून बसतो. वेळापत्रकाबाहेर कोणाला हवं असलं तर हाक मारायची.

सगळेच वेळापत्रकाबाहेर हाका मारतात. अहो, एक! बाबा, चार! अरे, माझं दोन लाव की! माझा हात आता इतका बसलाय की डोळे मिटूनही वायर बरोबर पोर्टात जाते. निवृत्तीनंतर मला इतक्या हाका कोणी मारल्या नव्हत्या.

लेक हसत म्हणाली, बाबा, स्विच तुम्हीच आहात. अर्थ नीट कळला नाही, पण सूर कौतुकाचा होता.

१७ जून
मेहुण्याचा फोन. कोणीतरी घरातून बातमी फोडली आहे. म्हणाला, भाऊजी, स्विच घेतलाच नाही का तुम्ही? पॅनेल म्हणजे नुसती वायरींनी येऊन टेकायची जागा. एका पोर्टात आलेलं दुसऱ्या पोर्टात आपोआप जात नाही. ते काम स्विचचं.

मी म्हटलं, जातं की. मी नेतो.

तो म्हणाला, बरं भाऊजी. पटलं असावं. तरी जाता जाता म्हणालाच, मुलाखतीच्या आधी येऊन जातो. मी सांगितलं, मुलाखतीच्या दिवशी मी स्वतः ड्यूटीवर आहे.

२० जून, दुपार
क्रमाने लिहितो.

अकराची मुलाखत. हिने वर्ग रद्द केला होता. मी पावणेअकरालाच स्टुलावर. वायर चारमध्ये, नीट बसलेली, दोनदा ओढून पाहिली. मागच्या खोलीतून लेकीचा आवाज येत होता. शांत, न अडखळता. मला वाटलं, हा आवाज पॅनेलमधून जातोय.

आईला सांगायचं राहिलं. म्हणजे परवा सांगितलं होतं, पण काल पुन्हा आठवण करायची राहिली. ती दारात आली. मावशीचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय, व्हिडिओवर बघायचंय म्हणाली. अरे, दोन लाव.

हाताला सवय झाली होती. मी काही केलं नाही, हातानेच केलं.

मागच्या खोलीतला आवाज थांबला. मग दार. मग धावती पावलं. लेक लॅपटॉप छातीशी धरून आत आली. तिचा तसा चेहरा मी पाहिला नव्हता. तिने पॅनेलमधून वायर उपटली, थेट लॅपटॉपमध्ये घातली, माझं स्टूल ओढून घेतलं आणि दाराकडे तोंड करून वाटेतच बसली. स्क्रीनवर तीन माणसं परत आली. मी कोपऱ्यात. बाहेर जायला वाट नाही. कॅमेऱ्यात मी आणि मागे डब्यांची फळी.

एकीने विचारलं, मागे कोण उभं आहे? लेकीने मान वळवली, आणि म्हणाली, हे आमच्या नेटवर्कचे प्रमुख. तिघंही हसले. मी मान झुकवली.

मग त्यांनी विचारलं, ऑफिस दुसऱ्या शहरात आहे, घर सोडून यावं लागेल. काही अडचण?

मी निश्चिंत होतो. आता ती घरून काम करायचं म्हणेल.

ती म्हणाली, "अडचण नाही. गेली दोन वर्षं मला जायचंच होतं. घर चांगलं आहे, म्हणून निघवत नव्हतं."

त्यांना कळलं नाही. ती म्हणाली, "माझं सगळं कोणीतरी करून ठेवतं. आत्ताही माझे बाबा मागे श्वास रोखून उभे आहेत. मला एकदा माझं मी करून बघायचंय."

मी श्वास रोखला नव्हता. तिथे धूळ फार आहे.

संपल्यावर तिने लॅपटॉप मिटला. मी म्हटलं, शेवटी नेट चांगलं टिकलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग हसली, मग डोळे पुसले. म्हणाली, बाबा, हे तुमच्यासमोर असं बोलायचं नव्हतं मला. मी म्हटलं, मला नीट ऐकू आलं नाही, मी पॅनेल बघत होतो.

आई अजून दारातच होती. तिने विचारलं, झालं का? मग दोन लाव.

२१ जून
मेहुणा आला. बोलावलं कोणी, ते विचारलं नाही. त्याने ती लहानशी काळी डबी आणली होती. तिचा प्लग भिंतीत घातला, राउटरची वायर डबीत घातली, आणि पॅनेलच्या एक, दोन, तीन, चारमधून आखूड आखूड वायरी काढून डबीला जोडल्या. हिरवे दिवे लुकलुकायला लागले. चारही खोल्यांत नेट. एकदम. कोणी हाक मारली नाही.

तो म्हणाला, पॅनेल वायरी आणून ठेवतं, स्विच त्यांना एकमेकींशी बोलायला लावतो. मला हे सुरुवातीपासून माहीत होतं, फक्त शब्दांत मांडलेलं नव्हतं.

मात्र पॅनेलची मागची बाजू बघून म्हणाला, भाऊजी, वायरी एक नंबर बसवल्यात, आठांतली एकही चुकली नाही. मी त्याला हे हिच्यासमोर पुन्हा म्हणायला लावलं. त्याने म्हटलं. माणूस तितका वाईट नाही.

संध्याकाळी सवयीने सामानाच्या खोलीत गेलो. स्टूल स्वयंपाकघरात गेलं आहे. थोडा वेळ उभा राहिलो.

२८ जून
निवड झाली! आई सगळ्या नातेवाइकांना एकापाठोपाठ फोन करते आहे. मी म्हटलं, ऐन वेळी नेट गेलं तरी पोरगी डगमगली नाही, तेच त्यांना आवडलं असणार, आणि त्या अर्थाने पाहिलं तर... हिने माझ्याकडे पाहिलं. वाक्य पूर्ण केलं नाही.

जेवताना सहज विचारलं, आठवड्यातले काही दिवस घरून करता येत असेल ना? लेक म्हणाली, बाबा. एवढंच. मग तिनेच माझ्या ताटात वाढलं.

१२ जुलै
लेकीला गाडीत बसवून आलो. दोन बॅगा. मी उचलत होतो, तिने एक माझ्या हातातून काढून घेतली. ठीक आहे. वजन तसंही फार नव्हतं.

१४ जुलै
देखभालीची नोंद: मागच्या खोलीत वेग सर्वांत चांगला. सकाळी तपासला. दुपारी तपासला. ही दारात येऊन म्हणाली, अहो, रोज याच खोलीतला का तपासता? मी म्हटलं, लाइन लांबची आहे, लक्ष ठेवावं लागतं. ती आत येऊन पलंगावर माझ्याजवळ बसली. तिनेही थोडा वेळ लक्ष ठेवलं.

१९ जुलै
लेकीचा व्हिडिओ कॉल. आमच्याकडून चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. तिच्याकडून सगळं तुटक. चेहरा गोठतो, शब्द मागून येतात. तीन मुली एका फ्लॅटमध्ये राहतात, राउटर कुठल्यातरी कोपऱ्यात. मी एका नजरेत दोष ओळखला. म्हटलं, शनिवारी येतो, दोन दिवसांत तिन्ही खोल्या करून देतो. या वेळी स्विचसकट.

ती म्हणाली, नको बाबा, आमचं आम्ही बघतोय. मी म्हटलं, बरं. मग चित्र गोठलं. मला वाटलं कॉल गेला. तेवढ्यात आवाज आला, पण या ना. नुसते या.

नुसते म्हणजे कसं, ते मी विचारलं. तोपर्यंत खरंच गेला होता कॉल.

२४ जुलै
उद्या सकाळी निघायचं. बॅग काल रात्रीच भरून ठेवली होती. हिने आज उघडली. केबलीचं रीळ बाहेर काढलं. दाबायचं हत्यार, पक्कड, टेस्टर, नवी काळी डबी, सगळं एकेक करून टेबलावर मांडलं. भांडली नाही. बॅग परत माझ्यापुढे ठेवली.

आत दोन शर्ट आहेत आणि दाढीचं सामान. मी तिला विचारलं, लेकीकडे नुसतं जायचं म्हणजे माणसं बरोबर काय नेतात? ती म्हणाली, मलाही माहीत नाही, मीही येते.

बॅग फारच मोठी घेतली आहे.