खाट रिकामी झाल्याशिवाय

७ सप्टेंबर

आणि पुन्हा तेच. मागच्या वर्षी सहा ठिकाणी अर्ज केले, सहाही ठिकाणी नाक घासून नकार घेतला, आणि आज धाकटी फोनवर म्हणते, "दादा, या वेळी निबंध नीट लिहीन." म्हणजे मागच्या वेळी वाकडा लिहिला होता? फी कुणाच्या घामातून गेली? समाजशास्त्रात एम.ए. झाली, पोट भरलं नाही. आता पीएचडी पाहिजे. तीही लांबच्या विद्यापीठात, जिथे हिला कुत्रं ओळखत नाही.

मी म्हटलं, नोकरी बघ. ती म्हणाली, "तू सातवीत शाळा सोडलीस म्हणून सगळ्यांनी सोडायची का?" मी म्हटलं, मी सोडली म्हणून तुला धरता आली. फोनचे पैसे जात होते, ठेवला.

एप्रिलमध्ये माझा करार संपतो. हिला कुठे शिष्यवृत्ती लागली तर मी सुटलो, घरी गेलो. नाही लागली तर हीच खोली, हीच वरची खाट, आणि खालच्या खाटेवर काकांचा खोकला.

९ सप्टेंबर

पैसे पाठवले. खिडकीवरचा माणूस दर महिन्याला विचारतो, "कारण?" दर महिन्याला मी सांगतो, घरखर्च. त्याला दुसरं काही ऐकायचं नसतं. मला सांगायचं नसतं.

१५ सप्टेंबर

सुट्टी. कारखान्याच्या फाटकाशी एक मुलगी उभी. भाषा आपलीच, पण कडक इस्त्री केलेली. पीएचडी करते आहे म्हणे — आमच्यावर! हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्यांवर! मुकादम म्हणाला, बोला तिच्याशी, मशीनबद्दल सोडून काहीही बोला. संध्याकाळपर्यंत खोलीने तिचं नाव ठेवलं होतं. प्रश्नवाली.

मला विचारते, "दादा, इथे आलात तेव्हा पहिल्या दिवशी काय वाटलं?" दादा म्हणणारी एक आहे मला, पुरे आहे. मी म्हटलं, तुमच्या एका प्रश्नाला माझा एक. तुम्ही पीएचडीत कशा शिरलात ते सांगा. हसली. तिलाही पहिल्या वर्षी सगळीकडून नकार आला होता.

बोलण्याआधी तिने एक नियम सांगितला. आम्ही कधीही 'नको' म्हणू शकतो, अगदी शेवटीसुद्धा. कारण द्यायचं नाही. तिने फोनमध्ये रेकॉर्ड केलेलं आमचं सगळं बोलणं पुसून टाकायचं. काका म्हणाले, "बाई, हा नियम मुकादमाला पण शिकवा की." खोली हसली.

२२ सप्टेंबर

प्रश्नवालीकडून मिळालेला आजचा माल धाकटीला फोनवर दिला. शिफारसपत्रं आत्ताच माग, डिसेंबरात मागितलीस तर सर लोक दोन ओळी खरडून देतात. ज्याच्या हाताखाली जायचं त्याचं लिखाण आधी वाच, मग छोटंसं पत्र टाक, नव्या विद्यार्थ्याला जागा आहे का ते सरळ विचार. आणि निबंधाची सुरुवात 'लहानपणापासून मला समाजाची आवड' अशी करू नकोस. त्यावर म्हणे सगळे हसतात.

ती बारीक आवाजात, "मागच्या वर्षी तेच लिहिलं होतं."

मी इतका हसलो की काका उठून बसले. खोलीभर सांगितलं. लहानपणापासून समाजाची आवड! लहानपणी दारात पाहुणा आला की ही पलंगाखाली. फोन चालूच होता. तिला सगळं ऐकू गेलं. जाऊ दे.

६ ऑक्टोबर

काका प्रश्नवालीजवळ बराच वेळ बसले. बायको गेली तेव्हा त्यांना सुट्टी मिळाली नव्हती, ते सांगत होते. मी चार वर्षं त्यांच्या डोक्यावर झोपतो. मला नव्हतं माहीत.

१३ ऑक्टोबर

प्रश्नवाली म्हणाली, "शिष्यवृत्ती नसेल तर होकार घ्यायचाच नाही. बिनपैशाचा होकार म्हणजे सभ्य नकार." आणि विद्यापीठाच्या नावाला भुलायचं नाही, गाईड बघायचा. त्याच्या विद्यार्थ्यांना एकटं गाठून विचारायचं, लिहिलेलं वाचतो का, की उशीखाली घालून झोपतो. तिचा वाचतो. फार वाचतो, म्हणाली.

मी विचारलं, किती वर्षं लागतात? "कागदावर चार. खरी पाच. सहाही होतात." मी म्हटलं, मग आमच्यासारखंच की. करार एक, मुक्काम दुसरा. तिने ते लगेच लिहून घेतलं. माझं बोलणं लिहून घेणारी जगात एकच बाई, आणि तिचंही त्यावर दुकान.

धाकटीला बजावलं, बिनपैशाचा होकार आला तर घरात तोंडसुद्धा दाखवू नकोस. "बरं दादा," म्हणाली. हल्ली 'बरं दादा' फार वाढलंय.

३ नोव्हेंबर

प्रश्नवालीने सांगितलं होतं, विषय कुणालाही असतो, तुमचा प्रश्न काय ते विचारतात. धाकटीला आज सापडला. वाचून दाखवला — लांब राहणारा माणूस नुसत्या फोनवरून घरावर सत्ता कशी चालवतो?

मी विचारलं, कोण माणूस?

"तू."

मी म्हटलं, लाज आहे का? माझ्याच पैशाने माझीच चिरफाड? ती म्हणाली, "चिरफाड नाही दादा, अभ्यास आहे. तुझ्या खोलीतल्या लोकांशीही बोलायचंय मला." मागे हटली नाही. पहिल्यांदाच. फोन मी आपटला. नंतर मनात आलं, प्रश्न बरा आहे. हे तिला सांगायचं नाही.

१७ नोव्हेंबर

धाकटीने प्रश्नवालीच्याच गाईडला पत्र टाकलं होतं. उत्तर आलं. प्रश्न आवडला, पण त्या कारखान्यावर माझी एक विद्यार्थिनी आधीच काम करते आहे. तरी अर्ज जरूर करा.

ती 'जरूर'वर नाचते आहे. मी 'पण'वर अडकलो. शिकलेली असून हिला कळत नाही? जागा भरलेली आहे! इथे कुणालाही विचारा. खाट रिकामी झाल्याशिवाय नवा माणूस येत नाही. माझ्या आधी या खाटेवर एक जण होता, त्याचं नाव फळीवर कोरलेलं आहे. तो गेला म्हणून मी आलो.

प्रश्नवालीला यातलं काही विचारलं नाही. विचारलं तर सावध होईल.

८ डिसेंबर

अर्ज गेला.

मी खोलीत सांगितलं की प्रश्नवालीची सगळी नावं मुकादमाकडे जाणार आहेत. खोटं. पण पटलं. असलं खरंच होत असतं, म्हणून पटतं. म्हटलं, पुढच्या सुट्टीला येईल तेव्हा सगळ्यांनी एकच शब्द. नको.

काका एकटे अडले. "मी बोललोय तिच्याशी, ते राहू दे. पुसलं तर मग ते कुठे राहणार?"

मी म्हटलं, काका, वय किती तुमचं? पुढचा करार हवाय ना? या खोकल्यावर कोण देतं? मुकादमाच्या कानावर अजून गेला नाही खोकला. जायला वेळ लागत नाही.

ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. म्हणजे हो.

१५ डिसेंबर

झालं. एकेकाने 'नको' म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली. "दादा, काय झालं?" मी म्हटलं, कारण विचारायचं नाही, तुमचाच नियम आहे मॅडम.

तिने आमच्यासमोरच पुसलं, एकेकाचं. काका शेवटी. म्हणाले, "पुसायच्या आधी एकदा ऐकवता?" तिने फोन त्यांच्या कानाशी धरला. काका ऐकत बसले. मधूनमधून मान हलवत होते, दुसऱ्या कुणाचं दुःख ऐकावं तसे. मग म्हणाले, "चांगलं बोललाय माणूस. पुसा."

जाताना ती मला म्हणाली, "बहिणीचा अर्ज नीट गेला ना?" मी म्हटलं, गेला.

झोप चांगली लागली. उगाच खोटं कशाला लिहू.

१० फेब्रुवारी

धाकटीची मुलाखत झाली. त्यांनी विचारलं, हाच प्रश्न का? ही म्हणाली, "मला फोन उचलायची भीती वाटते, म्हणून." कुणी हसलं नाही, म्हणाली.

मीही नाही.

१६ मार्च

होकार आला! आई रडते आहे. धाकटी नाही. का, ते शेवटी सांगितलं. शिष्यवृत्ती नाही.

२३ मार्च

सुट्टी. फाटकाशी प्रश्नवाली. आता पलीकडच्या कारखान्यात पहिल्यापासून सुरुवात करते आहे. एक वर्ष मातीत. मी तोंड चुकवून चाललो होतो, तिनेच हाक मारली.

"दादा, तुमच्या खोलीच्या मुलाखतींवर आमचा प्रकल्प उभा होता. मुलाखती गेल्या, प्रकल्पाचा पैसा थांबला. बहिणीची शिष्यवृत्ती त्याच पैशातून द्यायची ठरत होती. तिचं पत्र आलं तेव्हा सरांना मीच म्हटलं होतं, हिला घ्या. विषय मोठा आहे, दोघींना पुरला असता."

मी म्हटलं, जागा तर एकच होती.

"कोण म्हणालं?"

कुणीच नाही. मला खाट माहीत, मी खाटेचा हिशोब केला.

विचारलं, धाकटीला सांगितलंत? म्हणाली, "नाही. तुम्ही कधीही 'नको' म्हणू शकता, कारण द्यायचं नाही. तो नियम मलाही आहे, तुमच्या 'नको'बद्दल मी कुणाला बोलायचं नाही." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१ एप्रिल

धाकटीचा फोन. "दादा, बिनपैशाचा होकार म्हणजे सभ्य नकार, तूच म्हणाला होतास. उद्या त्यांना नाही म्हणून कळवते. एका दुकानात कामाचं विचारलंय." रडली नाही, भांडली नाही. "तू ये आता घरी. तुझी खोली झाडून ठेवली आहे."

मी म्हटलं, अक्कल शिकवू नकोस. काही कळवायचं नाही. मी सांगेपर्यंत थांब.

"बरं दादा."

२ एप्रिल

मुकादमाला गाठलं. आणखी पाच वर्षांचा करार मीच मागितला. सहाही होतील, म्हटलं. तो खूश. काकांचा करार मात्र वाढवला नाही. खोकला त्याला कुणी सांगितला, माहीत नाही. मी नाही. काका विश्वास ठेवत नाहीत. खालची खाट शनिवारी रिकामी होणार.

धाकटीला फोन करून एवढंच म्हटलं, हो म्हणून कळव.

९ एप्रिल

खिडकीवर माणूस तोच. "कारण? घरखर्चच ना?"

म्हटलं, नाही. शिष्यवृत्ती लिहा.

त्याने मान वर करून बघितलं. पहिल्यांदाच.

अठरा हजार चारशे पाठवले.